खोडरबर बाईंचा संशय

खोडरबर हे नाव त्यांना छापखान्यातल्या लोकांनी ठेवलं. कुणी पत्रक, वेष्टन, जाहिरात काढून समोर ठेवली की बाई आधी त्यातलं काय काढून टाकता येईल ते बघायच्या. कोपऱ्यातली वेलबुट्टी काढ. सोनेरी चौकट काढ. ‘उत्तम, दर्जेदार, विश्वासू’ हे तिन्ही शब्द काढ, कारण आमचा माल फसवा आहे असं स्वतःहून कोण लिहितं? शेवटी कागदावर दुकानाचं नाव आणि भोवती मोकळी जागा उरायची. मालक कुरकुरायचा, पण त्याच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात ते नाव पक्कं बसायचं.

बाईंचे वडील पितळी पाट्या कोरायचे. अक्षराचं वळण बाईंच्या हातात त्यांच्याकडून आलं. संशयी स्वभाव मात्र नंतरचा, कमावलेला. छापखान्यात असताना त्यांनी एका साबणाचं वेष्टन काढलं होतं. ते खूप चाललं, त्याला बक्षीस मिळालं, आणि ते घ्यायला छापखान्याचे मालक स्वतः गेले. चित्र माझंच, असं तिथे सांगून आले. बक्षिसाची ढाल मालकांच्या खोलीत लागली आणि तिच्यावरची धूळ पुसायचं काम बाईंकडे आलं. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो. बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागल्या.

छापखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या वयाच्या बायका चष्म्याचे नंबर बदलत होत्या. बाई कॉम्प्युटर शिकल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि छोट्या धंद्यांना ओळख करून द्यायचं काम सुरू केलं. दुकानाचं नाव, त्याची खूण, रंग, पाटी, पिशव्या, बिलाचा कागद असं सगळं. जिन्यात वंगणाचा वास, वर शाईचा. खिडकीखाली मोठं टेबल, भिंतीला रंगांचे तुकडे चिकटवलेले, आणि एक खणांचं कपाट, ज्याची किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्याला असायची. जिन्यात पाऊल वाजलं की बाई टेबलावरचे कागद उपडे करत. येणारा पोस्टमन असला तरी. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणायचे, आमच्या हिच्यासमोर आरशालाही आधी ओळखपत्र दाखवावं लागतं.

पुढे प्रत्येक दुकानदार वेबसाइट मागायला लागला. ते बाईंना जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी एक माणूस ठेवला. तिशीतला, उंच, खांदे जरा वाकलेले. कामाला वाघ. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नसे. ‘हो’, ‘नाही’, ‘बघतो ताई’ एवढ्यावर त्याचा दिवस भागायचा. खालचा सायकलवाला त्याला घुम्या म्हणायचा आणि तेच नाव पडलं. फोन वाजला की तो बाईंकडे बघायचा, आणि फोन बाईच उचलायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, पोरगा शिष्ट आहे. बाईंना मात्र त्याचं न बोलणं फार आवडायचं. जो बोलतच नाही, तो बाहेर काय फोडणार?

दोघांचं जमलं होतं. बाई चित्र काढायच्या. घुम्या मागे येऊन उभा राहायचा. त्याला आवडलं की कागद बोटाने किंचित पुढे सरकवायचा. नाही आवडलं तर काही न करता जागेवर जायचा. अशी कित्येक वर्षं गेली. बाईंनी त्याला कधी चहा पाजला नाही असं नाही, पण त्याच्या घरी कोण कोण आहे हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

मग गादीवाले आले. वडिलांच्या वेळेपासूनचा गाद्यांचा कारखाना, माल चोख, पण नवी पिढी दुकानात फिरकत नाही, सगळं घरबसल्या फोनवर मागवते, असं त्यांचं दुःख होतं. त्यांना नाव हवं होतं, खूण हवी होती, वेबसाइट हवी होती. बाई आधी कारखाना बघायला गेल्या. कापसाचे ढीग पाहिले, शिवणाऱ्या बायकांशी बोलल्या, आणि चप्पल काढून एका गादीवर सरळ आडव्या झाल्या. गादीवाले अवघडून भिंतीकडे बघत उभे राहिले. बाई उठल्या तेव्हा त्यांचं डोकं जिथे टेकलं होतं तिथे एक खळगा राहिला होता आणि तो हळूहळू भरून येत होता. बाईंनी तो पूर्ण भरेपर्यंत बघितला.

आठवडाभर त्या त्याच कामावर बसल्या. नाव ठरलं, ‘निवांत’. अक्षरांवरून जी आडवी रेघ जाते ती बाईंनी मधे, अनुस्वाराच्या खाली, अलगद वाकवली. अनुस्वाराचं टिंब त्या खळग्यात टेकलं. उशीवर डोकं टेकावं तसं. बाकी काही नाही. ना पलंग, ना चंद्र, ना जांभई देणारं बाळ. घुम्या मागे येऊन उभा राहिला, आणि त्याने कागद इतका पुढे सरकवला की तो टेबलावरून पडता पडता राहिला. बाई हसल्या. म्हणाल्या, हे वेबसाइटचं काम झालं की गादीवाल्यांसमोर तूच मांड, माझा घसा बसतो हल्ली. घुम्याने नुसती मान हलवली.

गादीवाल्यांना चित्र पसंत पडलं. एक खळगा उथळ, एक खोल, असे दोन नमुने होते. घरच्यांनाही बघू दे, म्हणून त्यांनी दोन्ही फोनवर मागून घेतले. बाई सहसा असं काही पाठवत नसत, पण मालकाला त्याचीच वस्तू द्यायला नाही कसं म्हणायचं? गादीवाल्यांनी उथळ खळग्याचा नमुना पक्का केला. पाटी, पिशव्या, वेबसाइट असं पुढचं काम सुरू झालं. पाटी लागायला अजून अवकाश होता.

अशात बाई शेजारच्या शहरात कागद घ्यायला निघाल्या होत्या. बस चौकात थांबली. शेजारी मालाची एक गाडी उभी राहिली. तिच्या अंगावर लालभडक अक्षरांत ‘पेंग’ असं लिहिलेलं, खाली ‘गाद्या व उशा’. आणि वरची रेघ मधे वाकलेली. खळग्यात टिंब.

बाईंना आधी वाटलं, आपल्या डोळ्यांत तेच चित्र बसलंय म्हणून दिसतंय. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रेघेचा उतार तोच, खोल नमुन्यातला, टिंबाचा आकार तोच. उतार काढताना डावीकडे त्यांचा हात जरासा जड पडायचा, तो जडपणासुद्धा तोच. त्या उठून दाराकडे जाईपर्यंत गाडी निघून गेली होती. पुढच्या थांब्यावर उतरून त्या बराच वेळ रस्त्यावर उभ्या राहिल्या. कागद न घेताच परत आल्या.

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. हे चित्र कुणाकुणाला माहीत होतं? बाईंना, यजमानांना, गादीवाल्यांना आणि घुम्याला. यजमान म्हणाले, गादीवाल्यांना विचार की. पण बाईंना ते पटेना. स्वतःच्या दुकानाची खूण कोण दुसऱ्याला देईल? शिवाय चित्र आपल्याकडून फुटलं हे त्यांना कळलं तर काम जाईल आणि इतक्या वर्षांचा लौकिकही जाईल. म्हणजे उरला कोण? बाईंनी नाव घेतलं नाही. यजमानांनीही विचारलं नाही. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

एकदा संशय आला की साधी गोष्टही साधी राहत नाही. घुम्या हल्ली आठवड्यातून एकदा लवकर निघायचा. आधीही निघत असेल, बाईंनी लक्ष दिलं नव्हतं. आता लक्षात आलं की वार ठरलेला आहे. हल्ली तो दुपारी फोन घेऊन जिन्यात जायचा. जो माणूस कचेरीतला फोन उचलत नाही, त्याला जिन्यात जाऊन बोलायला कोण भेटलं? बाई दारापाशी आल्या की त्याचं बोलणं थांबायचं. एकदा त्या पायातल्या चपला काढून, भिंतीला धरून दारामागे उभ्या राहिल्या. स्वतःच्याच कचेरीत आपण असं उभं राहिलोय, याची त्यांना त्या क्षणी लाजही वाटली नाही. घुम्याचा आवाज आला. दबका, तुटक.

“रेघ इथे खाली येते... रेघ इथे खाली... खाली येते, कारण...”

मग तो थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच म्हणायला लागला.

आता आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? पलीकडे कुणीतरी रेघेचं वळण उतरवून घेत होतं आणि हा सांगत होता. पुन्हा पुन्हा, नीट कळेपर्यंत.

तरी त्यांनी घाई केली नाही. एका चष्म्याच्या दुकानाचं काम आलेलं होतं. त्यासाठी बाईंनी मुद्दाम एक खोटी खूण काढली, दोन मिचकावणारे डोळे, जी त्या जन्मात कुणाला देणार नव्हत्या. घुम्यासमोर ठेवून म्हणाल्या, हेच पक्कं, बाहेर बोलू नकोस. घुम्याने कागद पुढे सरकवला नाही. बाईंच्या तोंडाकडे जरा नवलाने बघितलं आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतर बाई गावातल्या चष्म्याच्या दुकानांपुढून येरझाऱ्या घालायला लागल्या. मिचकावणारे डोळे कुठे दिसले नाहीत. दुसरं कुणी असतं तर त्याला हायसं वाटलं असतं. बाईंच्या मनात आलं, चोर सावध झाला.

एका दुपारी घुम्या जेवायला बाहेर गेला आणि बाई त्याच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. त्याची खुर्ची उंच, बाईंचे पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी खालची दांडी दाबून खुर्ची खाली घेतली आणि शोधाशोध केली. पत्रव्यवहार पाहिला, चित्रांचे साठे पाहिले. सगळं कामाचं, नीट नावं घालून ठेवलेलं. कुठे कुणाला काही पाठवल्याची खूण नाही. जिन्यात पावलं वाजली तशा त्या उठून आपल्या जागी आल्या.

घुम्या आत आला, खुर्चीत बसला आणि वीतभर खाली गेला. त्याचे गुडघे टेबलाला लागले. तो उठला. खुर्ची वर घेतली. मग त्याने बाईंकडे बघितलं. बाई कागदावर मान घालून होत्या. घुम्याने काम केलं आणि वेळ झाल्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या बाईंनीच विषय काढला. उभ्यानेच. चित्र बाहेर गेलं आहे, गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे, जिन्यातलं बोलणं मी कानांनी ऐकलं आहे, असं सगळं सांगितलं. कुणाला दिलंस आणि कशासाठी, तेवढं सांग, म्हणाल्या.

घुम्याने तोंड उघडलं. “म...” एवढंच आलं. ओठ मिटलेले राहिले, मान ताठ झाली, डोळे घट्ट मिटले. “म... म...”

इतक्या वर्षांत बाईंनी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना जे दिसलं त्याचा त्यांनी एकच अर्थ लावला.

“सरळ बोल,” बाई म्हणाल्या. “खरं असतं ते एका दमात येतं.”

घुम्याने तोंड मिटलं. मग टेबलावरचा आपला कप घेतला, हेडफोन घेतले, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर घेतला. कचेरीची किल्ली जुडग्यातून सोडवायला त्याला वेळ लागला. ती त्याने टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेला. खाली सायकलवाल्याने त्याला काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी सांगितलं की सोक्षमोक्ष लागला. यजमानांनी विचारलं, कबूल झाला का? बाई म्हणाल्या, कबूल कशाला व्हायला हवं, जीभच वळेना त्याची. यजमान वर्तमानपत्राची घडी घालत होते, ते थांबले.

“तो आजवर तुझ्याशी एखादं लांब वाक्य बोललेला तुला आठवतो का?” त्यांनी विचारलं.

बाईंना आठवेना. स्वभाव असतो एकेकाचा, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि पानं घ्यायला उठल्या. पण जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं.

यजमान सहसा बाईंच्या कामात पडत नसत. या वेळी पडले. म्हणाले, गाडी आहे म्हणजे दुकान असणार, दुकान आहे म्हणजे मालक असणार. चल, त्यालाच विचारू. बाईंनी आढेवेढे घेतले, पण गेल्या. शेजारच्या शहरातली गाद्यांची दुकानं एका रस्त्याला आहेत. फार शोधावं लागलं नाही. ‘पेंग’ची लाल पाटी लांबूनच दिसली. गल्ल्यावर एक गोरेलेसे, पोट सुटलेले, हसतमुख गृहस्थ बसले होते. उशा दाखवू का, म्हणून उठलेसुद्धा. बाईंनी विचारलं की पाटीवरची खूण फार छान आहे, कुणाकडून करून घेतली?

“घरचीच आहे,” उशीवाले म्हणाले. “माझे साडू आहेत, गाद्यांचा कारखाना आहे त्यांचा. त्यांनी कुणा बाईंकडून काढून घेतली.”

यजमानांनी हळूच खुर्ची ओढून बाईंना बसायला दिली. उशीवाल्यांनी आनंदाने फोन काढून दाखवला. सासरच्या सगळ्या मंडळींचा एक गट होता. त्यावर गादीवाल्यांनी दोन्ही नमुने टाकून मत मागितलं होतं. सासूबाईंचं मत उथळ खळग्याला. मेहुण्याचं खोल खळग्याला. एका आत्येसासूबाईंनी दोन्ही चित्रांना हात जोडले होते. बहुमताने उथळ खळगा निवडून आला होता.

“मग दुसरा वायाच जाणार होता,” उशीवाले म्हणाले. “मी म्हटलं, घरातली वस्तू आहे. आमच्या रंगाऱ्याने त्याच्याखाली आमचं नाव बसवून दिलं. का हो, तुम्हालाही पाटी करायची आहे का?”

त्यांच्या चेहऱ्यावर चोरीचा लवलेश नव्हता. जुना सदरा लहान भावाने घालावा इतकी त्यांच्या लेखी ती सरळ गोष्ट होती. बाईंना रागवायला आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे त्या मिटलेल्या ओठांशिवाय काही येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा त्यांनी स्वतःच्या हाताने फोनवरून पाठवला होता, आणि झडती घेतली होती ती भलत्याच माणसाची.

परतीच्या वाटेवर त्या गादीवाल्यांकडे थांबल्या. गादीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. आपल्याच साडूंनी आपलीच खूण लावली हे त्यांना आत्ताच कळत होतं. ते लाल झाले. पण दाखवायला नको होतं हे काही त्यांना पटेना. घरच्यांनाच तर दाखवलं, म्हणाले, परक्यांना थोडंच? मग आतून त्यांची बायको आली आणि तिने बहिणीला फोन लावला. त्या दोघी बहिणींचं जे बोलणं झालं ते बाई आणि यजमान शेवटपर्यंत ऐकायला थांबले नाहीत. एवढं खरं की महिन्याभरात ‘पेंग’ची पाटी उतरली. गाडीवरचं चित्र मात्र पुढे बरेच दिवस तसंच फिरत होतं, कारण रंगारी गावाला गेला होता.

घुम्याचा पत्ता बाईंकडे कागदावर होता. त्या एकट्याच गेल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने बाईंना ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. तो घरी नाही, म्हणाली, येईल इतक्यात. मग बाई उभ्या असतानाच तिने सांगून टाकलं. तो लहानपणापासून अडखळतो. शाळेत मुलं त्याची नक्कल करायची, म्हणून त्याने बोलणंच तोडलं. एका शब्दात भागेल तेवढंच बोलायचं, फोन घ्यायचा नाही, दुकानात बोटाने दाखवून वस्तू मागायची. मग एक दिवस तो घरी आला आणि म्हणाला, ताईंनी मला गादीवाल्यांसमोर काम मांडायला सांगितलंय. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः वाचा सुधारणाऱ्या शिक्षकांचा पत्ता काढला. दर आठवड्याला तिथे जायचा. शिक्षकांनी सांगितलं होतं, फोनवर रोज सराव करा. म्हणून तो दुपारी जिन्यातून बायकोला फोन करायचा.

“एकच वाक्य महिनाभर ऐकलं मी,” ती म्हणाली. “रेघ इथे खाली येते, कारण इथे कुणीतरी निजलंय. शेवटी शेवटी न अडखळता यायला लागलं होतं.”

बाईंची नजर खोलीत फिरली. खिडकीपाशी एका छोट्या टेबलावर कॉम्प्युटर होता, शेजारी तो कप. म्हणजे त्याने घरूनच कामं घ्यायला सुरुवात केली होती.

घुम्या आला. बाईंना बघून दारातच थांबला. बाई म्हणाल्या, “माझं चुकलं. तू दिलं नव्हतंस. मी तुझ्यावर आळ घेतला आणि तुझ्या बोलण्यावर बोलले. ते तर फारच वाईट केलं.”

घुम्याने पिशवी खाली ठेवली. त्याला बोलायला वेळ लागला. शब्द ओठांपाशी येऊन अडत होते. प्रत्येक वेळी तो शब्द आपण पुरा करून द्यावा असं बाईंच्या जिभेवर येत होतं. त्यांनी दात आवळून धरले.

“व... विचारलं असतं, तर सांगितलं असतं,” तो म्हणाला. “तुम्ही ख... खुर्चीला विचारलंत.”

परत ये, असं बाई म्हणाल्या. त्याने मान हलवली, नाही. रागाने नव्हे. निवांतचं काम अर्धं आहे ते पुरं करीन, म्हणाला, पण तिथे बसणार नाही. बाईंनी ते मान्य केलं. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांना आठवलं की त्याने आपल्याला ताई म्हटलं नाही. पुढेही बरेच दिवस म्हटलं नाही.

वेबसाइट तयार झाली तेव्हा ती गादीवाल्यांच्या कारखान्यातच मांडायची ठरली. घुम्या घरून आला, बाई कचेरीतून. गादीवाले, त्यांची बायको आणि शिवणाऱ्या दोघी-तिघी बायका जमल्या होत्या. घुम्या उभा राहिला. सरावाचं ते वाक्य पहिल्याच शब्दाला अडलं. गादीवाले चांगले गृहस्थ, ते लगेच मदतीला धावले. रेषा? रंग? रात्र? असे एकेक शब्द पुढे करू लागले. बाई म्हणाल्या, थांबा जरा, त्याला सांगू द्या. घुम्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. वाक्य सरळ आलं नाही. दोनदा अडखळलं, पण पूर्ण झालं, आणि त्याच्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं. रंग कुठले, गिऱ्हाईक कुठून आत येईल, गादी कशी निवडेल, सगळं त्यानेच सांगितलं. शिवणाऱ्या बायकांपैकी एकीने विचारलं की आमचे हात दिसणार का फोटोत? घुम्या म्हणाला, सगळ्यात आधी तेच दिसतील. नंतर गादीवाले बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, हुशार आहे हो, पण जरा वेळ लावतो. बाई म्हणाल्या, गादी तरी कुठे घाईने भरता तुम्ही?

बाईंचा स्वभाव पालटला असं म्हणणं खोटं होईल. अजूनही जिन्यात पाऊल वाजलं की त्यांचा हात कागदाकडे जातो. कधी तो वाटेत थांबतो, कधी थांबत नाही. गादीवाल्यांच्या प्रकरणानंतर त्या गिऱ्हाइकाकडून आधी लिहून घेतात की चित्र सासरी दाखवणार नाही. लोकांना तो विनोद वाटतो. बाई विनोद करत नसतात.

घुम्याचं आता स्वतःचं काम चालतं. बाईंकडे आलेल्या वेबसाइटी त्याच्याकडेच जातात आणि त्याच्याकडे आलेल्या पाट्या बाईंकडे येतात. फोनवर दोघांचं बोलणं लांबतं, कारण तो अडखळतो आणि बाई वाट बघतात. यजमानांचं म्हणणं असं की हिला कुणाचं बोलणं पुरतं ऐकून घेताना लग्नानंतर प्रथमच पाहतोय.

परवा घुम्या बऱ्याच काळाने कचेरीत आला. सोबत त्याची मेहुणी होती. तिचं अक्षर सुरेख, तिला पाट्यांचं काम शिकायचं होतं. बाईंनी तिचे कागद बघितले. एकात बरीच फुलं होती. ती काढून टाकायला सांगितली, म्हणजे कागद पसंत पडले असंच समजायचं. किती वाजता यायचं, काय घेऊन यायचं, ते ठरलं. निघताना घुम्या दारात वळला.

“ताई,” तो म्हणाला, “हिला अक्षरं शिकवा. ल... लक्ष ठेवू नका.”

बाईंच्या गालावर चपराक बसल्यासारखं झालं. मग त्याच्या ओठांची कड वर गेलेली त्यांना दिसली. मेहुणीला काही कळलं नाही. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

“नाही ठेवणार,” बाई म्हणाल्या. आणि तिला खिडकीजवळची जागा दिली, जिथे उजेड चांगला येतो.